‘नको’ म्हणायचं कोणी?

तपासणी झाली, रक्तदाब लिहून झाला, लोहाच्या गोळ्या संपल्यात का तेही विचारून झालं. सासूबाई फाइल घेऊन बाहेर गेल्या. ती पायात चप्पल सरकवत होती आणि ते सरकवणं काही संपेना. अंगठा आत, बाहेर, पुन्हा आत. पहिलटकरीण, एकतिसावा आठवडा. मग दाराकडे बघतच म्हणाली, “मॅडम, अजून एक विचारायचं होतं. ते... घरी... चालतं का?”

बाहेर पन्नास-साठ बायका बसल्या होत्या. मी म्हटलं, “नको आता. शेवटचे तीन महिने नकोच.” आणि पुढच्या पेशंटसाठी घंटी वाजवली. तिने मान हलवली, चप्पल एकदाची पायात गेली.

आपण तिच्यावर उपकारच केले, असं मला वाटलं होतं. हा प्रश्न बाई विचारते ती सुटका मिळावी म्हणून, अशी माझी पक्की समजूत होती. बाळंतपणानंतर दीड महिन्याने ती आली, तेव्हा मी पाळणा लांबवण्याचं विचारलं. ती म्हणाली, “त्याची गरज नाही मॅडम. तुम्ही नको म्हणालात तेव्हापासून ते बाहेरच्या खोलीत झोपतात.” आवाजात तक्रार नव्हती. बाळाचं टोपडं नीट करत पुढे म्हणाली, “मला वाटलेलं तुम्ही हो म्हणाल.”

तालुक्याच्या गावी बायकांचे दवाखाने करून मला वीस वर्षांवर झाली. त्यातली निम्मी वर्षं मी हाच ‘नको’ वाटत होते. तो किती जणींच्या घरात काय करून गेला, याचा हिशोब माझ्याकडे नाही. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत नवरा-बायकोंनी एकत्र यावं की नाही, हा प्रश्न खासगी आहे असं आपण मानतो. पण उत्तर दवाखान्यात दिलं जातं, सरकारी कागदांत लिहिलं जातं, सासू-आई-आत्याकडून पुढे सरकवलं जातं. म्हणजे प्रश्न सार्वजनिकच आहे. फक्त ज्या दोघांचा आहे त्यांच्यापर्यंत तो पोहोचत नाही.

माझा ‘नको’ आला कुठून? माझ्या शिक्षकांकडून, त्यांना तो त्यांच्या शिक्षकांकडून मिळालेला. जुन्या पाठ्यपुस्तकांत शेवटचे सहा आठवडे संबंध टाळावेत असा सरसकट सल्ला असे, आणि त्यामागे जंतुसंसर्गाची धास्ती होती. प्रतिजैविकं नव्हती तेव्हा बाळंतरोगाने बायका खरोखर मरत होत्या, त्यामुळे त्या धास्तीला मी हसणार नाही. अमेरिकेत मास्टर्स आणि जॉन्सन या लैंगिकतेच्या संशोधकांनी 1966 साली गरोदर बायकांशी बोलून जे लिहिलं, त्यातही डॉक्टरांची ही बंदी दिसते. पेनिसिलिन आलं, सोनोग्राफी आली, सल्ला तिथेच राहिला. आमच्या भागात तर सहा आठवड्यांचे तीन महिने झाले. कोणी केले, कोणालाच ठाऊक नाही.

शास्त्राचं म्हणणं आता फार गुंतागुंतीचं नाही. बाळ पाण्याच्या पिशवीत असतं, पिशवी गर्भाशयात, गर्भाशयाचं तोंड बंद आणि त्या तोंडावर घट्ट चिकट स्रावाचं बूच. पुरुषाचं इंद्रिय बाळापर्यंत पोहोचत नाही, ‘बाळाला लागेल’ ही भीती त्यामुळे निराधार आहे. बाईची तृप्ती झाली की पोट पाच-दहा मिनिटं दगडासारखं कडक होतं आणि मग सैल पडतं, त्या बाळंतपणाच्या कळा नव्हेत. आठव्या-नवव्यात उताणं झोपलं की गर्भाशयाचं ओझं मोठ्या रक्तवाहिनीवर येतं, गरगरतं, म्हणून कुशीवर बरं. गरोदरपण साधं-सरळ चाललं असेल तर दिवस भरेपर्यंत संबंधाला वैद्यकीय हरकत नाही.

हरकत केव्हा असते तेही तितकंच स्पष्ट आहे. वार (प्लॅसेंटा) खाली असेल, अंगावरून गेलं असेल, पाणी जात असेल, गर्भाशयाच्या तोंडाला टाका घातला असेल किंवा तोंड आखूड होत चाललं असेल, तर नको. आधीचं बाळंतपण दिवस भरण्याआधी झालं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. नवरा बाहेरगावी असतो आणि लैंगिक आजाराची थोडीही शंका आहे, तर निरोध हवाच, कारण शेवटच्या महिन्यांत लागलेला काही संसर्ग थेट बाळाला महाग पडतो. आणि एक गोष्ट कोणी सांगत नाही म्हणून सांगते: गरोदर बाईच्या योनीत हवा फुंकणं जिवावर बेतू शकतं. बस, यादी एवढीच, पोस्टकार्डावर मावेल.

पण यादीतल्या बायकांचंसुद्धा आपण धड करत नाही. पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत खाली दिसलेली वार बहुतेकींची आठव्यापर्यंत वर सरकते. फाइलवर तेव्हा लिहिलेला ‘संबंध टाळा’ मात्र सरकत नाही. पुढची सोनोग्राफी होते, वार वर गेल्याचा आनंद होतो, चालायला परवानगी मिळते, प्रवासाला मिळते, आणि ती एक ओळ कोणी खोडत नाही.

गंमत म्हणजे ही बंदी सरकारी धोरण नाहीच. केंद्रीय आरोग्य खात्याने एएनएम, म्हणजे गावपातळीवरच्या आरोग्यसेविका, आणि परिचारिका यांच्यासाठी 2010 साली काढलेल्या मार्गदर्शक पुस्तिकेत लिहिलंय की गरोदरपण सुरळीत असेल तर संबंध पूर्ण काळ सुरक्षित आहेत, गर्भपाताचा किंवा वेळेआधी बाळंतपणाचा धोका असेल तर टाळावेत. मग 2017 साली आयुष मंत्रालयाची एक पुस्तिका गाजली. त्यात गरोदर स्त्रीला मांसाहार सोडा, काम-क्रोध-द्वेषापासून दूर राहा, खोलीत सुंदर चित्रं लावा असा उपदेश होता. टीका झाल्यावर संबंध ठेवू नका असं आम्ही म्हटलेलंच नाही, हा परंपरेतल्या ज्ञानाचा संग्रह आहे, असा खुलासा आला. एकाच सरकारचे दोन कागद. पहिला आमच्या नर्सबाईंच्या कपाटात असायला हवा होता, तो मी तिथे कधी पाहिला नाही. दुसऱ्यातला मजकूर मात्र माझ्या पेशंटनी मोबाइलवर मलाच वाचून दाखवला.

परंपरेतलं ज्ञान म्हणतात ते तरी एकमुखी आहे का? माझे सासरे संस्कृतचे शिक्षक होते. हा विषय मी त्यांच्यापाशी कसा काढला हे आता आठवत नाही, बहुधा जेवताना आडवळणाने. त्यांनी काही उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी टेबलावर चार पुस्तकं कागदाच्या खुणा घालून ठेवलेली होती आणि स्वतः भर उन्हात फिरायला निघून गेले होते.

एक खूण सुश्रुताच्या शारीरस्थानात. गर्भ राहिला तेव्हापासून व्यवाय, म्हणजे समागम, वर्ज्य. दुसरी वाग्भटाच्या अष्टांगहृदयात. वर्ज्य गोष्टींच्या यादीत तिथे शब्द आहे ‘अतिव्यवाय’. पेन्सिलीने ‘अति’खाली रेघ मारलेली. आणि त्याच्या अलीकडेच गर्भिणीची शुश्रूषा नवऱ्याने आणि सेवकांनी तिला प्रिय आणि हितकर अशा गोष्टींनी करावी, असं म्हटलंय. नवरा आधी, सेवक नंतर. बाहेरच्या खोलीत झोपलेला माणूस या श्लोकात कुठे बसवायचा?

तिसरी खूण तैत्तिरीय संहितेत होती आणि ती वाचून मी उभीच राहिले. गोष्ट आपल्या ओळखीची आहे. इंद्राने विश्वरूपाला मारलं, ब्रह्महत्येचं पाप लागलं, ते त्याने वाटून टाकलं. एक वाटा बायकांनी घेतला, तोच महिन्याच्या विटाळाच्या रूपात दिसतो, म्हणून शिवू नका, शिजवू नका. ऋषिपंचमीच्या व्रतकथेपर्यंत हे कथानक येऊन पोहोचलंय. पण मूळ ठिकाणी बायका पाप फुकट घेत नाहीत, त्या मोबदला मागतात. ‘काममा विजनितोः सं भवाम’, आम्हाला बाळंत होईपर्यंत मनाजोगतं मीलन असो. आणि इंद्र तो वर देतो. चौथी खूण वसिष्ठ धर्मसूत्रात: उद्या बाळंत होणार असलो तरी आम्ही पतीसह निजावं, हा इंद्राने स्त्रियांना दिलेला वर आहे.

वेदांत आहे म्हणून बरोबर, असं मला म्हणायचं नाही, तसं म्हटलं तर सुश्रुतही मान्य करावा लागेल. मला राग आला तो वेगळाच. एकाच गोष्टीतला विटाळ आपण हजारो वर्षं इमानेइतबारे सांभाळला, त्यासाठी बायकांना गोठ्याशेजारी बसवलं. त्याच सौद्यात तिला मिळालेला वर मात्र कोणाच्या आजीच्या तोंडून मी ऐकलेला नाही. आणि त्या वरात मागणारी बाई आहे. नवऱ्याने मागितलं आणि तिने दिलं, अशी ती वाक्यरचना नाही. माझ्या दवाखान्यात चप्पल सरकवणाऱ्या मुलीच्या तोंडी इच्छा असू शकते हे मला सुचलं नव्हतं, संहिता रचणाऱ्यांना सुचलं होतं.

आता शेवटच्या महिन्यांत बहुतेकींची इच्छा कमी होते हे खरं आहे. छातीत जळजळ, कंबर धरलेली, रात्रीतून पाचदा लघवीला उठणं, कूस बदलायची म्हणजे वाळूचं पोतं उलटवणं. पण काहींची वाढतेही, आणि त्या बायका सगळ्यात घाबरलेल्या असतात. एक शिक्षिका मला म्हणाली होती, “मॅडम, त्यांना काही नाही, मलाच वाटतं. माझ्यात काही बिघाड आहे का?” रक्ताभिसरण वाढलेलं असतं, संप्रेरकं वरच्या पट्टीत असतात, दिवस राहतील ही धाकधूक आयुष्यात प्रथमच नसते. यात बिघाड कसला? ते तिला सांगायला तीन मिनिटं लागली. ती रडली, आणि रडू आवरायला आणखी पाच.

या विषयाला मराठीत नीट शब्द नाही, हीही एक अडचण आहे. ‘संभोग’ म्हटलं की वर्तमानपत्रातली गुन्हेवार्ता आठवते. ‘समागम’ कीर्तनातला वाटतो. मग बायका ‘ते’, ‘तसलं’, ‘जवळ येणं’, ‘एकत्र येणं’ म्हणतात आणि आम्ही डॉक्टर ‘रिलेशन’, ‘कॉन्टॅक्ट’. “कॉन्टॅक्ट आला होता का?” असं मीही विचारलेलं आहे, विजेच्या तारेबद्दल विचारावं तसं. शब्दांच्या या लपाछपीत एक मोठा घोटाळा होतो. ‘जवळ येऊ नका’ असं आम्ही सांगतो तेव्हा आमच्या मनात फक्त संबंध असतात. ऐकणारा मात्र जवळच येत नाही. पाय दाबून देणं, पाठीला तेल लावणं, केसांतून हात फिरवणं, शेजारी नुसतं निजणं, सगळंच बंद होतं. आपल्याकडच्या कितीतरी पुरुषांना स्पर्शाची दुसरी भाषा कोणी शिकवलेलीच नसते, एक दार बंद झालं की त्यांना वाटतं घरच बंद. ज्या महिन्यांत बाईला सगळ्यात जास्त आधार हवा असतो, नेमका तेव्हाच तो अंथरूण उचलून बाहेर जातो, आणि जाताना आपण फार समंजसपणा करतोय असं त्याला वाटत असतं.

यावर कोणी म्हणेल, म्हणून तर आपल्याकडे माहेरपण आहे. सातव्यात ओटी भरायची, पहिलं बाळंतपण माहेरी, आणि लेकीला विसावा. या रीतीचं शहाणपण मी नाकारत नाही. ज्या घरात सून ‘नको’ म्हणूच शकत नव्हती, तिथे एसटीचं तिकीट हाच तिचा नकार होता. पण आज पुण्यात किंवा बंगळुरूत दोघंच राहतात आणि मुलगी माहेरी जाण्याऐवजी आई आठव्यात मुलीकडे येते. पहिल्या रात्रीपासून आई लेकीच्या खोलीत, जावई हॉलमधल्या सोफ्यावर. परदेशी असलेल्या माझ्या भाचीला तिथल्या दवाखान्यात पहिल्याच भेटीला माहितीपत्रक मिळालं होतं, त्यात संबंधांविषयी एक आख्खा परिच्छेद. आई येणार म्हणताच तिने ते फ्रिजवरून काढून कपाटात ठेवलं.

आणि ज्यांना माहेरपण नाही त्यांचं काय? आमच्या तालुक्यात कारखान्याची धुराडी पेटली की बीडकडच्या ऊसतोड टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल दोघांच्या नावावर, मुक्काम पाचटाच्या कोपीत. अशीच एक बाई नववा लागलेली असताना आली होती, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढत होती त्या सकाळपर्यंत. मी तिला सांगितलं, वजन उचलू नका आणि संबंध ठेवू नका. ती हसली. पहिलं तिच्या हातात नव्हतं, उचल फिटायची होती. दुसरं तिने विचारलेलं नव्हतं. त्या रात्री मला कळलं की आम्ही डॉक्टर ‘नको’ कुठे म्हणतो: जिथे म्हणायला काही खर्च येत नाही तिथे. मोळी थांबवायची तर मुकादमाशी, कारखान्याशी, सरकारशी भांडावं लागतं. संबंध थांबवायला एक ओळ पुरते. तिच्या पोटातल्या बाळाला खरा धोका कशाचा होता, हे मला त्या ओळीआधीही माहीत होतं.

आता या लेखाविरुद्धचा सगळ्यात मोठा आक्षेप. तो माझ्याच एका मैत्रिणीने, तीही स्त्रीरोगतज्ज्ञच, घेतला. ती म्हणाली, “तू ‘चालतं’ म्हणशील. नवरा ऐकेल ‘डॉक्टरांनी परवानगी दिली’. आणि ज्या बाईला नकोय तिच्या हातातली एकुलती एक ढाल तू काढून घेशील.”

हा आक्षेप मी अनेक रात्री घोळवला आहे, कारण तो खरा आहे. ‘डॉक्टरांनी नाही सांगितलंय’ हे वाक्य या राज्यात लाखो बायकांनी वापरलं असेल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत 82 टक्के विवाहित स्त्रियांनी सांगितलं की इच्छा नसेल तर आपण नवऱ्याला नाही म्हणू शकतो. म्हणजे पाचातली जवळजवळ एक तेवढंही म्हणू शकत नाही. शिवाय मुलाखत घेणाऱ्या ताईसमोर ‘म्हणू शकते’ म्हणणं आणि रात्री साडेअकराला ते म्हणणं यात अंतर आहे. कायदा तर विचित्रच. गरोदर आहे हे माहीत असून स्त्रीवर बलात्कार करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 64 मध्ये अधिक गंभीर गुन्हा आहे, किमान दहा वर्षं सक्तमजुरी. पण त्याआधीच्या कलम 63 चा अपवाद सांगतो की बायको अठराच्या वर असेल तर नवऱ्याचं कृत्य बलात्कार ठरतच नाही. तिच्या गरोदरपणाची माहिती ज्याला सगळ्यात आधी असते तोच या कलमातून सुटतो. दिल्ली उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचं मे 2022 मध्ये यावर एकमत झालं नाही. सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये गर्भपाताच्या कायद्यापुरता वैवाहिक बलात्कार मानला, तेवढ्यापुरताच. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात लैंगिक छळ येतो, पण त्या वाटेने जाणारी नवव्या महिन्यातली बाई मी अजून पाहिलेली नाही.

मग ढाल काढून घ्यायची का? मी स्वतः ती घेत नाही. एखादी बाई एकटी असताना मला म्हणते, “मॅडम, तुम्हीच लिहून द्या ना नको म्हणून”, तेव्हा मी कारण न विचारता ‘पूर्ण विश्रांती, संबंध वर्ज्य’ लिहून सही करते. खोटं लिहिते आणि लिहीत राहणार. पण हे तिने मागितलेलं खोटं आहे, सगळ्यांना न मागता वाटलेलं नव्हे. सरसकट बंदीने ढालीचं मोलही कमी होतं. सगळ्याच बायका ‘डॉक्टर नको म्हणाल्या’ म्हणतात तेव्हा कोणता नवरा ते मनावर घेतो? ज्याला ऐकायचं असतं तो घाबरून बाहेरच्या खोलीत जातो. ज्याला ऐकायचं नसतं तो, मागच्या वेळी मित्राच्या बायकोलाही असंच सांगितलं होतं, काही झालं नाही, असं म्हणून ऐकत नाही. माझ्या अनुभवात बंदीने भले नवरे दूर गेले, बुऱ्यांचं काही अडलं नाही. आणि ढालीला मुदत असते. बाळंतपण झालं, सव्वा महिना झाला की डॉक्टरांचा कागद संपतो. तेव्हा तिच्याकडे स्वतःचा ‘नको’ हवा, आणि तो वापरायची सवय आधीच्या कुठल्यातरी रात्री लागलेली हवी.

म्हणून माझं म्हणणं असं की ‘चालतं का’ याचं उत्तर देताना आम्ही दोन वाक्यं कधीच वेगळी करू नयेत. वैद्यकीय हरकत नाही, आणि तिला हवं असेल तरच. दुसरं वाक्य ही सदिच्छा समजू नये. कुठे दुखतं, कुठे रक्त जातं हे तिलाच आधी कळतं, त्यामुळे वेग, बाजू, थांबणं हे तिच्या हाती असणं हीच सुरक्षिततेची अट आहे. ते नवऱ्याच्या समोर, डॉक्टरच्या तोंडून, रक्तदाब सांगावा त्या सुरात सांगायला हवं. त्याआधी दोन मिनिटं तिच्याशी एकटीशी बोलून, म्हणजे तिला खोटा कागद हवा असेल तर तो मागता येईल.

वेळ कुठे आहे, असं आमचे लोक म्हणतील. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात सुरक्षित मातृत्वाची तपासणी असते, तेव्हाची रांग मी पाहिली आहे. एका बाईला दोन मिनिटं, पडदा नाही, नवरा गेटबाहेर मोटरसायकलवर. पण महाराष्ट्रात सुमारे 95 टक्के बाळंतपणं आता दवाखान्यात होतात. दोन पिढ्यांपूर्वी सुईण आणि आजी हे सांगत होत्या किंवा दडवत होत्या. आता प्रत्येक जोडपं आमच्या दारातून जातं, आणि आम्ही त्यातल्या अर्ध्याला दाराबाहेर उभं करतो. पुरुषाला आत बोलवायला कुठलाही निधी लागत नाही.

आम्ही बोलत नाही तेव्हा मोबाइल बोलतो. सातव्यात ‘हात लावू नका’ असं सांगितलेल्या जोडप्याला दिवस उलटून गेले की तोच मोबाइल सांगतो, आता रोज एकत्र या, कळा सुरू होतील. वीर्यात प्रोस्टाग्लँडिन असतं, ते गर्भाशयाचं तोंड मऊ करतं, हे कागदावर खरं आहे. प्रत्यक्षात? या विषयावरच्या कॉक्रेन आढाव्याला, म्हणजे सगळे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या आढाव्याला, 2001 साली जेमतेम 28 बायकांचा एक अभ्यास सापडला आणि त्यावरून काहीच म्हणता येईना. पुढे मलेशियात हजारावर बायकांचा अभ्यास 2013 साली प्रसिद्ध झाला, संबंधांचा सल्ला दिलेल्या गटात कळा काही लवकर आल्या नाहीत. तेव्हा दमलेल्या बाईला औषध म्हणून हे पाजणारेही माझ्या दृष्टीने बंदी घालणाऱ्यांच्याच पंगतीतले. दोघांनाही तिची इच्छा विचारायची नसते.

र. धों. कर्वे यांनी जुलै 1927 मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक सुरू केलं. 1934 साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला तो वाचकांच्या लैंगिक शंकांना दिलेल्या उत्तरांवरून. डॉ. आंबेडकर वकील म्हणून त्यांच्या बाजूने उभे राहिले, तरी खटला हरले आणि कर्व्यांना दंड झाला. आज मला कोणी दंड करणार नाही. माझ्यावर खटला नाही, पोलीस नाहीत, उलट सरकारी पुस्तिका माझ्या बाजूने आहे. तरीही मी दहा वर्षं शंकेला उत्तर देण्याऐवजी घंटी वाजवली.

आता वाजवत नाही. अठ्ठाविसाव्या आठवड्याच्या तपासणीला नवऱ्याला घेऊन यायला सांगते, जे येतात त्यांना आत घेते. सासूबाई असतील तर त्यांना वजनकाट्यापाशी नर्स गुंतवून ठेवते, ही तिची स्वतःची युक्ती. मागच्या आठवड्यात एक जोडपं होतं, तो दुधाच्या टँकरवर चालक, हातात टोपी गोल फिरवत खुर्चीच्या अगदी कडेला बसलेला. मी माझी दोन वाक्यं सांगितली. वार वर आहे, तोंड बंद आहे, काही हरकत नाही, आणि हिला हवं असेल तरच, ही थांब म्हणाली की थांबायचं. बायको भिंतीवरच्या लसीकरणाच्या तक्त्याकडे बघत होती. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “आणि मॅडम, नुसता पोटाला हात लावला तर चालतो ना? चार महिने झाले, लावला नाही.”

मी त्याला उठून टेबलाजवळ यायला सांगितलं. बाळाची पाठ डाव्या बाजूला होती. “इथे ठेवा,” म्हटलं. त्याने आधी बायकोकडे बघितलं. ती म्हणाली, “ठेवा की.”